मामांची झोप, आत्यांचं लायसन

माझे सासरे दुपारी झोपत नाहीत. हे मी म्हणत नाही, ते म्हणतात, आणि लग्न होऊन मी अंथुर्ण्याला आले त्या दिवसापासून म्हणत आलेत. जेवण झालं की ओसरीवरच्या लोखंडी कॉटवर ते "जरा पाठ टेकतात". थोड्या वेळाने नाकातून असा काही आवाज सुरू होतो की गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवून त्यांच्याकडे बघते. त्या वेळी कुणी विचारलं, "मामा, झोपला का?" तर डोळे न उघडता उत्तर येतं, "जागाच हाय." आणि त्याच श्वासाला जोडून पुढचं घोरणं.

आमच्याकडे सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात. त्यात खरं नातं काही असेलच असं नाही, बोलायची पद्धत आहे. तर अशा या मामा-आत्यांच्या घरात, चाळिशी समोर दिसत असताना, मला मानसशास्त्र शिकायची हुक्की आली. मी बारामतीच्या एका शाळेत बालवर्गाला शिकवते. एसटीने जाते, एसटीने येते. दिवसभर चिमुरड्यांचं रडणं, रुसणं आणि एकमेकांचे डबे खाणं बघून वाटलं, माणसाच्या डोक्यात नेमकं चालतं तरी काय ते एकदा रीतसर शिकून घ्यावं. बी.ए.ला बाहेरून नाव घातलं. रविवारी तास असायचा. पहिल्या वर्षाला जाणीव, झोप, शिकणं आणि स्मृती अशी प्रकरणं होती. आमच्या मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं, "जे वाचाल ते आजूबाजूला शोधा. पण घरच्यांवर प्रयोग करू नका, घर मोडतं." यातलं पहिलं वाक्य तेवढं मी मनावर घेतलं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी मामांच्या कॉटशेजारी पाट टाकून बसले. माणूस झोपला तरी कान पूर्ण बंद होत नाहीत, कामाचं तेवढं आत घेतात, असं पुस्तकात होतं. मामा रंगात आले तसं मी एका पट्टीत, हळू आवाजात शब्द म्हणायला सुरुवात केली. "पेरू." घोरणं चालू. "ऊस." चालू. "जावई." जरासा हुंकार, पण चालू. "सरपंच." चालू. "चहा." मामांचा डावा डोळा उघडला.

"ठेव हितं," ते म्हणाले.

चहा नव्हताच. मग तो करावा लागला. प्रयोगाला खर्च येतो म्हणतात तो असा.

पण चहापेक्षाही एका गोष्टीला मामा जास्त लवकर जागे होतात, ती म्हणजे मोटारीचा फोन. विहिरीवरच्या मोटारीला एक डबी बसवलेली आहे. शेताची लाईट आली की ती डबी मामांच्या मोबाईलला रिंग देते. ही रिंग वेगळी कळावी म्हणून मामांनी तिला देवळातल्या घंटेचा आवाज लावून घेतलाय. घंटा वाजली की डोळे उघडायच्या आधी त्यांचे पाय चपलेत जातात. पुस्तकात एका परदेशी माणसाची गोष्ट आहे. तो कुत्र्याला खायला द्यायच्या आधी एक ठरावीक आवाज करायचा, मग पुढे पुढे नुसत्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. मी वाचलं आणि मनात म्हटलं, एवढ्या लांब जायची काय गरज होती, आमच्या ओसरीवर यायचं.

त्याच सुट्टीत आम्ही सगळे भिगवणला मासे खायला गेलो होतो. मामांच्या ताटात तळलेली मरळ, हातात अर्धी भाकरी, आणि शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी फोन वाजला. तीच घंटा. मामा उठले, हात न धुता, चपला घालून दारापर्यंत गेले आणि "लाईट आली" असं म्हणून रस्त्यावर उभे राहिले. हॉटेलवाल्याला वाटलं गिऱ्हाईक पैसे न देता चाललं. तो मागे धावला. मामा शुद्धीवर आले तेव्हा त्यांच्या एका हातात भाकरी होती आणि दुसऱ्या हाताला हॉटेलवाला होता.

"तुमी झोपला हुता का?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"जेवताना कोण झोपतं व्हय?" मामा म्हणाले, आणि उरलेला मासा अत्यंत शांतपणे खाल्ला.

आम्ही सगळे हसून बेजार झालो. आत्या मात्र हसल्या नाहीत. मामांची झोप ही त्यांच्यासाठी हसायची गोष्ट राहिली नव्हती.

कळंबला आत्यांची थोरली बहीण असते. मी त्यांना मावशी म्हणते. मावशींना विसर पडायला लागला होता. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायच्या, मग दूध तापत ठेवलंय ते, मग आज वार कोणता ते. मग माणसं सुटायला लागली. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. त्यांनी सांगितलं होतं, भेटत राहा, बोलत राहा. मावशींचं एक होतं, दुपारी जेवणानंतर त्यांचं डोकं अगदी निवळलेलं असायचं. लहानपणी बोरं चोरली तेव्हा कुणी मार खाल्ला, इथपर्यंत सगळं आठवायचं. दिवेलागण जवळ आली की सगळं गढूळ.

आणि आत्या नेमक्या दिवेलागणीला पोचायच्या. कारण त्यांना मोटरसायकलवरून मामा न्यायचे, आणि मामा दुपारी झोपत नव्हते. ते न झोपलेले उठायचे, चहा घ्यायचे, पाण्याची पाळी बघून यायचे, सदरा बदलायचे, मग निघायचे. कळंबात गेल्यावर गाडी चालूच ठेवून दारातून म्हणायचे, "आटप लवकर." तेवढ्यात काय बोलणार? एकदा मावशींनी आत्यांकडे बघून विचारलं, "कोण गं तू? कुणाची?" आत्यांनी सांगितलं. मावशींनी परक्या बाईला म्हणावं तसं म्हटलं, "बरं, बरं. बस की." घरी येऊन हातपाय धुताना मला म्हणाल्या, "ती मला इसरायच्या आत मला रोज जायला पायजे. दुपारचं."

मी रविवारी नेते म्हटलं. "रविवारी तुझा तास आसतोय," त्या म्हणाल्या. "आन् कुणी आणून सोडलं की त्याच्या घाईनं उठावं लागतंय. तुझी स्कूटी दिवसभर अंगणात उभी ऱ्हाती न्हवं? ती मला शिकीव."

मामांना हे ओसरीवर कळलं. ते उठून बसले. "गाडी? ह्या वयात? आगं मी मेलोय का? मी हाय की सोडायला. कवाबी सांग."

"दुपारी?"

"दुपारी बी. मी काय झोपतो व्हय?"

झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात. पण जागेपणाचं सोंग घेऊन झोपलेल्याचं काय करायचं, यावर आपल्याकडे एकही म्हण नाही. मला याचा फार राग येतो.

आत्यांची एकच अट होती. कागद हातात पडल्याशिवाय गाडीला हात लावणार नाही. त्या फार कायद्याच्या. दुसऱ्याच्या झाडाचं खाली पडलेलं लिंबूसुद्धा विचारून उचलतात. तर आधी शिकाऊ लायसन, आणि त्याची परीक्षा बारामतीला, संगणकावर. रस्त्यावरच्या पाट्यांची चित्रं दाखवतात, खाली उत्तरं असतात, आणि प्रत्येक प्रश्नाला घड्याळ चालू असतं. आत्या चौथीपर्यंत शिकलेल्या. वाचता येतं, पण घाई केली की अक्षरं त्यांच्यापासून पळतात. मी म्हटलं, काही काळजी करू नका, शिकणं आणि स्मृती ही दोन्ही प्रकरणं माझी झालीत.

पहिला मार्ग घोकंपट्टीचा. सकाळी घोकलेलं दुपारी सपाट. पालथ्या घड्यावर पाणी. मग पुस्तकात सापडलं की बरोबर उत्तराला लगेच बक्षीस दिलं की शिकणं पक्कं होतं. मी शेंगदाण्याचे लाडू करून डबा जवळ घेऊन बसले. आत्यांनी पहिली पाटी बरोबर ओळखली, मी लाडू पुढे केला. त्यांनी तो मोडून मोठा अर्धा माझ्या हातावर ठेवला. नवऱ्याला, पोराला, सुनेला आधी वाढायचं आणि मग स्वतः, हे त्यांच्या हाडात आहे. दुसऱ्या पाटीला तेच. डबा संपेस्तोवर मला सगळ्या पाट्या पाठ झाल्या आणि माझी साडी पोटाला काचायला लागली. आत्यांना लाडवात गूळ जास्त झालाय एवढं पक्कं लक्षात राहिलं.

मग झोपेचा मार्ग. झोपेत डोकं दिवसाचा पसारा आवरतं, झोपायच्या आधी वाचलेलं चांगलं टिकतं, असं वाचून मी दुपारी आत्यांना ओसरीवर आडवं केलं आणि पाट्या मोठ्याने वाचायला लागले. पलीकडे कॉटवर मामा होतेच. आत्यांना झोपच येईना. "दिवसा झोपायचं म्हंजी आंगावर काटा येतोय," म्हणून त्या पडल्या पडल्या लसूण सोलायला लागल्या. मामांनी मात्र त्या दुपारी असं काही घोरून दाखवलं की पाट्या ऐकून कुणाचा फायदा झाला असेल तर त्यांचाच. उठल्यावर मी मुद्दाम विचारलं, "मामा, लाल गोलात आडवी पांढरी पट्टी म्हंजी काय?"

"लाईट गेली," मामा म्हणाले.

शेवटी माझ्या पोतडीतलं सगळ्यात भारी अस्त्र बाहेर काढलं. जुन्या काळी लोक लांबलचक भाषणं पाठ करायचे ती एका युक्तीने. आपल्या ओळखीच्या वाटेवर मनातल्या मनात एकेक गोष्ट ठेवून द्यायची. मग आठवायची वेळ आली की त्या वाटेने मनात चालत जायचं आणि ठेवलेलं उचलायचं. मी आत्यांना म्हटलं, "घरापासून पेरूच्या बागंपर्यंतची वाट तुम्हाला डोळे मिटून दिसते का?" त्या म्हणाल्या, "मिटलं काय आन् उघडलं काय, दिसतीच की."

मग आम्ही दोघी त्या वाटेवर खरोखर चालत पाट्या लावत गेलो. म्हणजे मनातल्या पाट्या. फाटकाला "थांबा". गोठ्यापाशी गुरांची पाटी, ती सोपीच. लिंबावर आग्यामोहोळ आहे, तिथे "हॉर्न वाजवू नये". पाण्याच्या चारीवर फरशी टाकलीय, तिथे "अरुंद पूल". शेजाऱ्यांच्या बांधाला "प्रवेश बंद", ती तर आत्यांनी माझ्या आधी लावली. ठिबकच्या टाकीपाशी "गाडी उभी करू नये". बागेच्या तोंडाशी "वाट द्या". संध्याकाळी मी कुठलीही पाटी विचारली की आत्या डोळे मिटायच्या, ओठ हलवायच्या आणि उत्तर द्यायच्या. एकही चूक नाही. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरच्यांवर नको म्हटलं होतं ना?" पण आवाजात कौतुक होतं, असं मी धरून चालले.

परीक्षेला मी आत्यांबरोबर गेले. मला आत सोडलं नाही. बाहेर बाकावर बसले. आतून एकदा आवाज आला, "आजी, झोपू नका, वेळ चाललाय." आणि त्यावर आत्यांचा आवाज, "मी जागीच हाय."

त्या नापास झाल्या. एसटीत बसल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. पहिलंच चित्र "वाट द्या"चं आलं. त्यांनी डोळे मिटले आणि घरातून निघाल्या. फाटकाची कडी कुणीतरी उघडीच ठेवलेली, ती लावली. गोठ्यात म्हशीच्या पायात दावं अडकलेलं, ते सोडवलं. टाकीपाशी पाण्याचा व्हॉल गळत होता.

"व्हॉल?" मी म्हटलं. "आत्या, मनातला व्हॉल."

"म्हणून काय झालं? पाणी वाया जात हुतं न्हवं?"

व्हॉल बंद करून पुढे जाताहेत तोवर वेळ संपली. दुसरं चित्र आलं. पुन्हा घरातून निघाल्या. "मधनंच कसं निघायचं? घरातनंच निघावं लागतंय की." या खेपेला बांधावर शेजारीण भेटली. तिच्या शेळ्या आमच्या पेरूत शिरल्या होत्या. पेरूंना नुकतेच फोम आणि पिशव्या घातलेल्या, शेळ्यांनी त्या ओढल्या होत्या. आत्यांनी तिला मनातल्या मनात जे सुनावलं ते एसटीत मोठ्याने सांगितलं, आणि पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. "तिला बोलू न्हाय तर काय करू? प्रश्न गेला तर गेला."

मला आधी हसू आलं. मग बघितलं तर त्या खिडकीकडे तोंड करून पदराने डोळे पुसत होत्या. "आता म्हैना जाईल," त्या म्हणाल्या. "तवर ती मला वळखंल का?" मला माझ्या सगळ्या पुस्तकांची आणि लाडवांची लाज वाटली. मी त्यांचा हात धरून बसले. भवानीनगर गेलं, लासुर्णे गेलं, तरी तो सोडला नाही.

घरी मामांनी बातमी ऐकली. मला वाटलं खूश होतील. ते फक्त म्हणाले, "मी सोडीन की. उद्या दुपारीच नेतो." दुसऱ्या दिवशी दुपारी ते सदरा घालून, पायात चपला घालून कॉटवर बसले, आणि बसल्या बसल्या झोपले. आत्या पिशवी घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. त्या दिवशी मला मामांचा राग आला आणि दयाही आली. झोपेपुढे माणसाचं काही चालत नाही, हे मान्य करायला त्यांना जड जात होतं एवढंच.

परीक्षेतली चूक माझी होती. शेतकऱ्याच्या बाईला तिच्याच रानातून चालायला लावलं तर ती काम बघणारच. तिला अशी वाट द्यायला हवी होती की जिच्यावर तिचं काहीच नाही. मी बसल्या जागेवरून उठून आत्यांना म्हटलं, "हितनं कळंबापर्यंतचा रस्ता पाठ हाय का?"

त्यांनी माझ्याकडे मी मूर्ख असल्यासारखं बघितलं. लग्न झाल्यापासून त्या रस्त्यावर मामांच्या मागे बसून त्यांनी दुसरं काय केलं होतं? मग आम्ही नव्याने पाट्या लावल्या. फाट्यावर "थांबा". शाळेपाशी शाळेची पाटी, तिथे खरीच आहे. पेट्रोलपंपापाशी "गाडी उभी करू नये". उसाच्या गाड्या वळतात तिथे "ओव्हरटेक करू नये". कालव्यावर "अरुंद पूल". अशा करत करत मावशींच्या दारापर्यंत.

दुसऱ्या खेपेला मी बाहेर बाकावर नखं खात होते. आत्या लवकरच बाहेर आल्या. पास. पण कपाळावर आठी.

"काय झालं?"

"काय न्हाय. लई लवकर संपलं. तिच्या दारात पोचले आन् परीक्षा संपली. आजून जरा चाललं आसतं तर बसलो आसतो दोघी."

"आणि वाटेत कुठं थांबला न्हाय?"

"चालत कुठं गेले? गाडीवरनं गेले की. तुझ्या स्कूटीवरनं."

मी घरी येऊन हे मामांना सांगितलं. मामांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "लायसन मिळायच्या आदी गाडी चालवली म्हंजी गुन्हा हाय."

आत्यांना ते लागलं. दोन घास कमीच जेवल्या.

गाडी शिकवायचं काम मामांनी स्वतःहून घेतलं. शिकाऊ माणसामागे लायसनवाला लागतो, आणि सुट्टी संपून मी पुन्हा दिवसभर शाळेत. आत्यांना स्कूटी लवकर जमली. शब्दांत सांगता न येणारं शिकणं वेगळं असतं, ते हातापायात जातं आणि तिथेच राहतं, असं पुस्तकात आहे. खळ्यात गोल गोल फिरता फिरता त्यांच्या हाताला वेग कळला आणि पायांना जमीन. एका रविवारी मी तासावरून आले तर आत्या खळ्यात गोल फिरताहेत आणि मागे मामा, हेल्मेट घातलेले, मान एका बाजूला. प्रत्येक वळणाला त्यांचं हेल्मेट आत्यांच्या हेल्मेटला टक् करून लागत होतं.

"अवो, झोपला का?" आत्यांनी पुढून विचारलं.

"जागाच हाय," मागून आवाज आला. टक्.

पक्कं लायसन हातात आलं त्या दिवशी आत्यांनी ते देवापुढे ठेवलं, मग ब्लाऊजमध्ये ठेवलं आणि मामांना जेवायला वाढलं. मामा कॉटवर टेकले. घोरणं सुरू झालं तसं स्कूटी सुरू झाली. तेव्हापासून आमच्या घरात मामांच्या झोपेवर कुणी बोलत नाही. उलट एखाद्या दुपारी त्यांना झोप यायला उशीर झाला तर आत्याच विचारतात, "बरं वाटत न्हाय का?"

कळंबात मावशींच्या अंगणात कोंबड्या फार. आत्यांना कोंबडी चाकाखाली येईल अशी भीती. म्हणून त्या फाटकाबाहेरूनच हॉर्नवर अंगठा ठेवतात तो सगळ्या कोंबड्या भिंतीवर चढेपर्यंत काढत नाहीत. काही दिवसांनी मावशींच्या सुनेचा मला फोन आला. "आगं, तुझ्या सासूनं लावलंय तरी काय? हॉर्न वाजला की ह्या पदर घेत्यात, दारात जात्यात आन् मला म्हणत्यात, चहा टाक, माजी आली. नाव इचारलं तर सांगता येत न्हाय. पण माजी आली म्हणत्यात."

मी आनंदाने उडालेच. मी तिला ते कुत्र्याचं सगळं समजावून सांगितलं, जरा जपून, म्हणजे कुत्रा वगळून.

"ते समदं खरं," ती म्हणाली. "पण आता गॅसची गाडी आली तरी ह्या उठत्यात. काल भंगारवाला चहा पिऊन गेला. आज येऊन इचारतोय, काकू आज साखर कमी का?"

दिवाळीच्या सुट्टीत मी पहिल्यांदा आत्यांच्या मागे बसून कळंबला गेले. पंप आला तसं त्या पुढून म्हणाल्या, "गाडी उभी करू नये." कालव्याचा पूल आला, "अरुंद पूल." सगळ्या पाट्या त्या जाता जाता उचलत होत्या, रोजच उचलत असणार. मावशींच्या फाटकात कुणीतरी कडब्याच्या पेंढ्या उतरवून ठेवल्या होत्या. गाडी अलीकडेच, बाभळीखाली लावावी लागली. आम्ही पेंढ्यांच्या कडेने चालत आत गेलो.

मावशी उन्हात चटईवर बसून शेंगा निवडत होत्या. दुपार होती, डोकं निवळलेलं असायची वेळ. त्यांनी मान वर केली, आत्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तोंडावर काहीच उमटलं नाही.

"कोण पायजे?" त्या म्हणाल्या.

मी पुढे होऊन सांगायला लागले, "मावशी, अहो ह्या..." आत्यांनी माझा दंड धरला.

"थांब," त्या हळूच म्हणाल्या. "माझंच चुकलं."

त्या परत वळल्या, पेंढ्यांच्या कडेने बाहेर गेल्या. मी तिथेच उभी. मावशी माझ्याकडे परक्यासारखं बघत शेंगा निवडत राहिल्या. मग बाभळीखालून हॉर्न वाजला. लांबलचक, कोंबड्या भिंतीवर चढेपर्यंत.

मावशींचा हात पदराकडे गेला. शेंगांचं सूप त्यांनी बाजूला सारलं, गुडघ्यावर हात रोवून उठल्या आणि फाटकाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आत्या पेंढ्यांच्या कडेने पुन्हा आत आल्या.

"आलीस व्हय?" मावशींनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "मगापासनं वाट बगतीया. आत्ताच एक बाई येऊन गेली बग. आक्षी तुझ्यासारखीच दिसत हुती."

"कोण हुती?"

"काय की. हॉर्न न्हाय, काय न्हाय. आली तशी गेली."

"आसंल कुणीतरी," आत्या म्हणाल्या, आणि बहिणीला खाली बसवून तिच्या शेजारी चटईवर बसल्या.